व्यायामाला मनाचा कौल

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शहरांतील व्यायामशाळांमध्ये ट्रेडमिलसाठी थांबावे लागते. फेब्रुवारी सरता सरता ही गर्दी ओसरलेली असते. वर्षभराची वर्गणी भरून झालेली असते, नवे बूट कपाटाखाली पडलेले असतात, रक्तातील साखरेचा अहवाल पुढे ठेवून डॉक्टरांनी बजावलेलेही असते. तरीही पहाटेचा गजर बंद करून माणूस कूस बदलतो. या अवस्थेला आपल्याकडे 'आळस' असा शब्द आहे आणि तो एकदा उच्चारला की पुढे विचार करण्याचे कारण उरत नाही. गेल्या पंचवीसेक वर्षांत मात्र मानसशास्त्रज्ञ आणि व्यायामशास्त्राचे अभ्यासक या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले आहेत. व्यायाम करताना माणसाला नेमके कसे वाटते, त्यातले नंतर काय आठवते आणि उद्याच्या व्यायामाच्या विचाराने मनात कोणती भावना उमटते, यावर तो टिकणार की सुटणार हे बऱ्याच अंशी ठरते, असे या संशोधनाचे सांगणे आहे.

प्रश्न किरकोळ नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०२२ साली भारतातील ४९.४ टक्के प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. २००० साली हेच प्रमाण २२.३ टक्के होते. अपुरी म्हणजे आठवड्याला १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरकस हालचाल, या जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेल्या किमान मर्यादेपेक्षा कमी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' अभ्यासातील २०१४ साली प्रसिद्ध झालेली आकडेवारी आपल्या अधिक जवळची आहे. महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथील १४ हजारांहून अधिक व्यक्तींची त्यात पाहणी करण्यात आली. महाराष्ट्रातील ९१.३ टक्के लोकांनी विरंगुळा म्हणून कोणतीही हालचाल करत नसल्याचे सांगितले. खेळ नाही, फिरणे नाही, व्यायाम नाही. जी काही हालचाल होत होती, ती मुख्यतः कामाच्या निमित्ताने. कामाचे स्वरूप बसून करण्याचे झाले की तीही संपते.

मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी पोहोचलेल्या समाजाला व्यायामाचे फायदे ठाऊक नाहीत, असे म्हणता येणार नाही. ठाऊक असणे आणि करणे यांतील अंतर किती मोठे असते, हे दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली पैशांत मोजून दाखवले. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर यांनी अमेरिकेतील तीन व्यायामशाळांच्या साडेसात हजारांहून अधिक सभासदांच्या नोंदी तपासल्या. महिन्याला ७० डॉलरहून अधिक वर्गणी भरणारे सभासद महिन्यात सरासरी ४.३ वेळाच येत होते. म्हणजे एका फेरीला त्यांना १७ डॉलरहून अधिक खर्च पडत होता. दहा फेऱ्यांचा पास घेतला असता, तर तीच फेरी १० डॉलरमध्ये झाली असती. वर्गणी भरताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर रोज व्यायाम करणारा, उत्साही असा स्वतःचाच एक अवतार उभा असतो. पहाटे उठायची वेळ येते ती मात्र दुसऱ्याच माणसावर.

उणे पाच ते अधिक पाच

व्यायाम करताना कसे वाटते, हे मोजण्यासाठी चार्ल्स हार्डी आणि जॅक रेजेस्की यांनी १९८९ साली एक साधी पट्टी सुचवली. अधिक पाच म्हणजे फारच छान, उणे पाच म्हणजे फारच वाईट, मध्ये शून्य. माणूस ट्रेडमिलवर चालत असतानाच त्याला दर काही मिनिटांनी विचारायचे, 'आत्ता कसे वाटते आहे?' ही युक्ती बाळबोध वाटेल, पण तिने एक मोठी गफलत उघड केली. तोवर बहुतेक अभ्यासांत हा प्रश्न व्यायामाच्या आधी आणि नंतर विचारला जाई. नंतर विचारले की जवळपास प्रत्येक जण 'बरे वाटले' म्हणतो. त्यावरून व्यायामाने सर्वांनाच आनंद होतो, असा निष्कर्ष निघे. मग इतक्या आनंदाची गोष्ट लोक सोडून का देतात, याचे उत्तर मात्र मिळत नसे.

आयोवा स्टेट विद्यापीठात दीर्घकाळ संशोधन केलेले पँटेलिमॉन एक्केकाकिस यांनी २००३ साली मांडलेला सिद्धान्त इथे उपयोगी पडतो. व्यायामाचा जोर वाढवत नेला, की एका टप्प्यावर शरीराला लागणारी ऊर्जा प्राणवायूच्या साह्याने सहज भागेनाशी होते. श्वास एकदम जड होतो, धाप लागू लागते, सलग वाक्य बोलता येत नाही. हा जणू शरीराचा उंबरठा. त्याच्या अलीकडे राहून केलेली हालचाल बहुतेकांना सुखावह वाटते. उंबरठ्याच्या आसपास मतभेद सुरू होतात. कोणाला त्यातही मजा येते, कोणाला नकोसे होते. उंबरठा बराच ओलांडला, की मात्र जवळपास सर्वांचाच आकडा घसरू लागतो. तिथे विचारांचे, निश्चयाचे फारसे चालत नाही. धडधडणारी छाती आणि जळजळणारे स्नायू थेट मनाशी बोलतात. व्यायाम थांबवला की काही मिनिटांतच आकडा झपाट्याने वर येतो. 'नंतर बरे वाटते' ते यामुळे. त्यात थोडा वाटा सुटकेचाही असतो, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

उद्याच्या व्यायामाला उपयोगी पडते ती यांतील कोणती भावना? ब्राऊन विद्यापीठातील डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बैठी जीवनशैली असलेल्या ३७ प्रौढांना मध्यम वेगाने चालताना कसे वाटते, हे याच पट्टीवर विचारले. मग सहा आणि बारा महिन्यांनी ते किती हालचाल करतात हे पाहिले. सुरुवातीला पट्टीवर एक अंक वर असलेली व्यक्ती सहा महिन्यांनी आठवड्याला सरासरी ३८ मिनिटे आणि वर्षानंतर ४१ मिनिटे जास्त हालचाल करत होती. माणसे थोडी होती, त्यामुळे आकड्यांना फार ताणू नये. पण २०१५ मधील एका आढाव्यातही निष्कर्ष त्याच दिशेने निघाला. मध्यम व्यायाम करताना वाटणारे सुख पुढच्या सवयीशी जोडलेले आढळले, व्यायामानंतरच्या समाधानाचा मात्र तसा संबंध दिसला नाही.

शरीर जड असलेल्यांच्या बाबतीत हा मुद्दा अधिक तीव्र होतो. एक्केकाकिस आणि एरिक लिंड यांनी २००६ साली व्यायामाची सवय नसलेल्या महिलांना ट्रेडमिलवर दोनदा चालायला लावले. एकदा स्वतःच्या पसंतीच्या वेगाने आणि एकदा त्याहून केवळ १० टक्के जास्त वेगाने. सडपातळ महिलांना या फरकाचे फारसे काही वाटले नाही. वजन जास्त असलेल्या महिलांचे सुख मात्र वाढीव वेगाबरोबर घसरत गेले. दहा टक्के म्हणजे 'जरा पाय उचला' एवढेच. सोबत चालणारा मित्र, उत्साही नवरा किंवा व्यायामशाळेतील प्रशिक्षक सद्हेतूनेच हे वाक्य उच्चारतो आणि समोरच्याच्या मनात व्यायामाविषयी एक उणे आकडा नोंदवून ठेवतो. शिवाय ज्याला सवय नाही, त्याचा उंबरठाही जवळ असतो. तरबेज माणसाला जे नुसते रमतगमत चालणे, तेच नवख्याला दमछाक करणारे असू शकते. 'घाम गाळल्याशिवाय फळ नाही' हा उपदेश ज्यांना सर्वाधिक केला जातो, त्यांनाच तो सर्वांत कमी मानवतो.

उंबरठा ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना गप्पा मारता येतात पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. गाताही येत असेल तर हालचाल हलकी. बोलणे तुटू लागले की उंबरठा आला असे समजावे. आषाढी वारीत आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर लाखो माणसे चालून जातात. त्यांत साठी उलटलेल्या स्त्रिया असतात, शेतात राबून थकलेले असतात आणि एरवी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही रिक्षाने जाणारे शहरी लोकही असतात. त्यांच्या चालण्याला कोणी व्यायाम म्हणत नाही. श्रद्धा हे त्याचे कारण आहेच. पण टाळ-मृदंगाच्या साथीने अभंग म्हणत चालता येते, तो वेग शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही उंबरठ्याच्या पुष्कळ अलीकडचा असतो. सोबत माणसे असतात, विसाव्याच्या जागा ठरलेल्या असतात आणि कोणी कोणाचे वजन विचारत नाही.

आठवणींचा हिशेब

मनाच्या वहीत व्यायामाची नोंद जशीच्या तशी होत नाही. एखाद्या अनुभवातील सर्वांत तीव्र क्षण आणि त्याचा शेवट यांवरून आपण पूर्ण अनुभवाचे मोल ठरवतो, हे डॅनिएल कानेमन यांच्या संशोधनातून प्रसिद्ध झालेले तत्त्व. ते व्यायामाला लावून पाहण्याचा प्रयोग झॅकरी झेंको आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. ४६ जणांनी पंधरा मिनिटे व्यायामाची सायकल चालवली. निम्म्यांचा जोर हळूहळू वाढवत नेला, तर उरलेल्यांनी जोरात सुरुवात करून तो कमी कमी करत आणला. एकूण श्रम सारखेच. उतरत्या क्रमाने व्यायाम केलेल्यांना तो अधिक सुखद वाटला, त्यांची आठवण आठवडाभरानंतरही अधिक चांगली होती आणि पुढच्या वेळीही असेच छान वाटेल, अशी त्यांची अपेक्षा होती. आपल्याकडे बहुतेक वर्गांत शेवटची पाच मिनिटे 'आता सगळी ताकद लावा' म्हणून कस काढण्याची पद्धत आहे. घरी जाताना नेमकी तीच पाच मिनिटे सोबत जातात.

व्यायामापूर्वीचा अंदाजही फसवा असतो. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील मॅथ्यू रुबी आणि सहकाऱ्यांना २०११ साली असे आढळले, की योगासने असोत वा वजने उचलणे, प्रत्यक्षात जितका आनंद मिळतो त्याहून कमी आनंदाची अपेक्षा लोक आधी करतात. कारण विचार करताना सुरुवातीची, सर्वांत कंटाळवाणी मिनिटेच डोळ्यांसमोर येतात. थंडीत पांघरूण दूर करणे, बूट शोधणे, पहिला अवघडलेला जिना. त्यांना व्यायामाच्या मधल्या भागाची कल्पना करायला सांगितले, किंवा आवडीचा प्रकार आधी घ्यायला सांगितले, की अपेक्षा सुधारली आणि व्यायामाची इच्छाही वाढली.

काही आठवणी आठवड्याच्या नव्हे, चाळीस वर्षांच्या असतात. २०१८ साली अमेरिकेतील एक हजाराहून अधिक प्रौढांना शाळेतील शारीरिक शिक्षणाच्या तासाविषयी विचारण्यात आले. वाईट आठवणींत सर्वांसमक्ष झालेली फजिती ठळक होती. संघ निवडताना शेवटी उरणे, कपडे बदलताना झालेली चेष्टा, जमले नाही म्हणून पिकलेला हशा. काहींनी तर 'तो तास कायमचा सुटला' हीच आपली सर्वांत चांगली आठवण असल्याचे लिहिले. शाळेत हा तास नकोसा वाटलेल्यांचा मोठेपणी बसून राहण्याकडे अधिक कल आढळला. आता आपल्या शाळा आठवाव्यात. गृहपाठ केला नाही, उठाबशा काढा. वर्गात बोललात, मैदानाला पाच फेऱ्या मारा. बैठका आणि धावणे हे दोन्ही उत्तम व्यायाम पिढ्यान्‌पिढ्या मुलांना भेटले ते शिक्षा म्हणून. ज्या प्रांतात तालमी आणि आखाड्यांची परंपरा आहे, औंध संस्थानाने शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले, अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे, तिथे व्यायाम आणि अपमान यांची अशी सांगड घातली जावी, याचे आश्चर्य वाटते.

भीती आणि अपराधी भावना यांचा उपयोग होत नाही, असे नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस दुसऱ्या महिन्यात नेमाने फिरताना दिसतो. पण ही इंधने लवकर संपतात. २०१२ साली ६६ अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. व्यायामाचे महत्त्व मनापासून पटणे हे सुरुवात करण्यास उपयोगी पडते, तो दीर्घकाळ टिकतो तो मात्र त्यातच रस वाटू लागला तर, असे त्यात दिसले. 'वजन कमी करायचे म्हणून' सुरू झालेला व्यायाम वजनाचा काटा हलेनासा झाला की थांबतो. बॅडमिंटनच्या चौकडीचे सहसा तसे होत नाही. तिथे वजन हा विषयच नसतो.

रस बाहेरून आणता येतो का, याचाही शोध घेतला गेला आहे. संगीताने श्रम कमी जाणवतात आणि मन प्रसन्न राहते, याला २०२० मधील १३९ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणाने दुजोरा दिला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या केटी मिल्कमन यांनी २०१४ साली आणखी मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. उत्कंठावर्धक कादंबऱ्यांची ध्वनिमुद्रणे काही जणांना फक्त व्यायामशाळेतच ऐकायला दिली. पुढे काय झाले हे कळण्यासाठी तिथे जाणे भाग होते. सुरुवातीला त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त होत्या. हळूहळू परिणाम ओसरत गेला आणि नोव्हेंबरच्या सुट्टीत तर तो पुसला गेला. सणासुदीत खंड पडणे ही केवळ आपलीच खोड नव्हे, एवढे समाधान मानायला हरकत नाही.

ज्यांचे मन आधीच खचले आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब उलटा पडतो. ड्यूक विद्यापीठातील जेम्स ब्लूमेंथल यांनी १९९९ साली नैराश्यग्रस्त १५६ प्रौढांवर केलेल्या अभ्यासात १६ आठवड्यांच्या व्यायामाचा परिणाम औषधाच्या तोडीचा आढळला. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २१८ चाचण्यांच्या विश्लेषणातही चालणे, धावणे, योगासने आणि वजनांचे व्यायाम नैराश्यात उपयुक्त ठरल्याचे नमूद आहे. पण कशातच रस न वाटणे हे नैराश्याचे लक्षणच आहे. अशा माणसाला 'जरा बाहेर पड, बरे वाटेल' हा सल्ला पोहोचतो तो आणखी एका अपेक्षेच्या ओझ्यासारखा. म्हणूनच उपचारांत भावनेची वाट न पाहता अगदी लहान कृतीपासून सुरुवात केली जाते. आज चपला घालून फाटकापर्यंत, उद्या कोपऱ्यापर्यंत. व्यायामामुळे औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मार्गदर्शक सूचनांत केलेला एक बदल या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पूर्वी किमान दहा मिनिटे सलग केलेलीच हालचाल हिशेबात धरली जाई. ती अट काढून टाकण्यात आली. चार मजले जिना चढणेही आता मोजले जाते. 'पाऊण तास मिळत नाही, म्हणून काहीच नाही' या भावनेला त्यामुळे निदान कागदावर तरी आधार उरलेला नाही.

बघणाऱ्यांचे डोळे

भावना म्हटले की ती एकट्याच्या मनातली असे आपण धरून चालतो. 'लॅन्सेट'च्या अभ्यासात भारतातील अपुरी हालचाल करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण ४२ टक्के आहे, स्त्रियांचे ५७ टक्के. हा फरक स्त्रियांच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतील सार्वजनिक जागांचा अभ्यास करून २०११ साली 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिले. रस्त्यावर असलेल्या बाईला आपण काहीतरी कामासाठीच बाहेर पडलो आहोत, हे सतत दाखवावे लागते, असे निरीक्षण त्यात आहे. हातात पिशवी असली की प्रश्न नसतो. ट्रॅक पँट घालून उगाच चकरा मारणाऱ्या पन्नाशीच्या बाईला मात्र कोणी बघते आहे का, ही जाणीव प्रत्येक वळणावर सोबत करते. ही लाज तिची वैयक्तिक अडचण म्हणून हाताळली जाते. इंग्लंडमध्ये स्पोर्ट इंग्लंड या सरकारी अनुदानावरील संस्थेने २०१५ साली हाती घेतलेली 'धिस गर्ल कॅन' मोहीम मात्र नेमक्या याच भीतीवर बेतलेली होती. लोक आपल्या शरीराला, कपड्यांना, न जमण्याला नावे ठेवतील, या धास्तीने स्त्रिया व्यायामापासून दूर राहतात असे पाहणीत आढळल्याने जाहिरातींत कमनीय मॉडेलऐवजी घामाने निथळणाऱ्या, थुलथुलीत, धापा टाकणाऱ्या सर्वसामान्य स्त्रिया दाखवण्यात आल्या.

आपल्याकडे जिथे ओळखीच्या चार जणी मिळून फिरतात, तिथे हा संकोच बराच गळून पडतो. सोसायटीच्या गच्चीवर, टेकडीच्या पायथ्याशी, देवळाच्या आवारात अशा चौकड्या रोज दिसतात. चालण्याइतकेच बोलणेही होते, त्यामुळे वेग आपोआप उंबरठ्याच्या अलीकडे राहतो. पुढचा अडथळा फाटकाशी असतो. महापालिकेची अनेक उद्याने सकाळी आणि संध्याकाळी खुली असतात व दुपारी काही तास बंद ठेवली जातात. डबे भरून, मुलांना शाळेत सोडून, स्वयंपाकघर आवरून घरातल्या बाईला स्वतःचे म्हणता येतील असे तास बऱ्याचदा तेवढेच असतात.